मजुरीचा हमीभाव

दिवाळीच्या मागेपुढे कापूस वेचणीला वेग आला की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील गावागावांत दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. शेतकरी सांगतो की मागेल तो दर कबूल करूनही वेचणीला बायका मिळत नाहीत आणि मजुरी चुकती करता करता पिकातले काही हाती उरत नाही; मजूर कुटुंबाचे म्हणणे असे की हंगामभर राबूनही उन्हाळ्यात किराणा उधारीवरच आणावा लागतो. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि कोडे नेमके तेथेच आहे. ज्या वस्तूची चणचण असते तिचा भाव चढतो व ती विकणाऱ्याची स्थिती सुधारते, असा बाजाराचा सर्वसाधारण अनुभव असताना श्रम विकणारे घर गरीबच का राहते? आणि सरकारने शेतमजुराचे किमान वेतन ठरवून दिलेले असताना, वेचणीचा किलोमागचा दर ठरवण्याच्या बोलण्यात त्या सरकारी दराचे नावही का निघत नाही?

किमान वेतन वाढवल्याने गरिबी हटते की रोजगार जातो, हा वाद जगभर शंभरहून अधिक वर्षे चालू आहे. न्यूझीलंडने १८९४ मध्ये आणि ब्रिटनने १९०९ मध्ये या दिशेने कायदे केले, तेव्हापासून दोन्ही बाजूंचे मूळ युक्तिवाद फारसे बदललेले नाहीत. वऱ्हाडात मात्र या वादाला एक अधिकची गाठ आहे, कारण येथे मजुरी देणारा माणूस बहुधा कोरडवाहू जमीन कसणारा शेतकरी असतो आणि आपल्या मालाला सरकारने ठरवलेली किमान किंमत मिळावी म्हणून तोही झगडत असतो.

दर ठरतो कसा

भारतातील किमान वेतनाचा पाया १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाने घातला. या कायद्याला एक अनुसूची, म्हणजे तो ज्या कामांना लागू होईल त्यांची यादी, जोडलेली होती. तिच्या पहिल्या भागात भात, पीठ व डाळीच्या गिरण्या, तेलाच्या गिरण्या, विडी उद्योग, रस्ते व इमारतींची बांधकामे अशी कामे होती आणि दुसरा भाग शेतीसाठी राखलेला होता. म्हणजे अकोल्यातील डाळ मिल आणि तेल मिल यांतले कामगार, तसेच वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत निंदण-वेचणी करणारे मजूर हे दोन्ही वर्ग कायद्याच्या कक्षेत पहिल्यापासूनच होते. राज्यांनी ही यादी पुढे वाढवत नेली. महाराष्ट्रात ती ६७ उद्योगांपर्यंत पोचली.

दर ठरवण्यासाठी सरकारपुढे दोन मार्ग होते: मालक, कामगार आणि त्रयस्थ तज्ज्ञ यांची समिती नेमून तिच्या शिफारशीवर निर्णय घेणे, किंवा प्रस्तावित दर राजपत्रात छापून त्यांवर हरकती मागवणे. प्रत्येक उद्योगात कुशल, अर्धकुशल व अकुशल असे कामाचे वर्ग पाडले जातात, आणि महानगरपालिका, नगरपालिका व उर्वरित ग्रामीण भाग यांची वेगवेगळी परिमंडळे करून प्रत्येकाचा दर निराळा ठेवला जातो. त्यामुळे अमरावती शहरातील दुकानात काम करणाऱ्याचा आणि एखाद्या खेड्यातील दुकानात काम करणाऱ्याचा कायदेशीर दर एक नसतो.

दर रुपयांत लिहिलेला असल्यामुळे महागाई त्याला आतून पोखरत जाते. किमती वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत असतील, तर आज ठरवलेले शंभर रुपये पाच वर्षांनी सुमारे पंचाहत्तर रुपयांचाच माल घरात आणू शकतात. हे टाळण्यासाठी कायद्याने पाच वर्षांच्या आत दरांची फेरतपासणी बंधनकारक केली, आणि मधल्या काळासाठी महाराष्ट्रात मूळ दरावर विशेष भत्ता देण्याची पद्धत आहे, जो ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे ठरावीक वस्तूंच्या किमतींतील चढउतार मोजणारा आकडा, पाहून वर्षातून दोनदा जाहीर होतो. फेरतपासणी मात्र अनेक उद्योगांच्या बाबतीत मुदत उलटून गेली तरी रखडते. म्हणून वेतनवाढीची अधिसूचना निघाली की जी एकदम मोठी उडी दिसते, तिच्यातला बराचसा भाग मागील वर्षांत गमावलेली खरेदीशक्ती भरून काढण्याचाच असतो.

मुळात आकडा कोठून येतो, याचे उत्तर १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने दिले. एका कामगारामागे तीन प्रौढांच्या खाण्याइतके कुटुंब धरावे (स्वतः कामगार १, पत्नी ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६), प्रत्येक पूर्ण प्रौढामागे दिवसाला २,७०० उष्मांकांचे अन्न धरावे, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड धरावे, घरभाडे मिळवावे आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण रकमेच्या २० टक्के ठेवावेत, असे हे गणित आहे. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण, लग्नकार्य यांचा विचार त्यात नव्हता. रॅप्टाकोस ब्रेट कंपनीच्या प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी आणखी २५ टक्के जोडले. पत्नीचे पोट ०.८ धरणारे हे गणित शेतात निंदणाऱ्या आणि वेचणाऱ्या बाईला कधी भेटलेले दिसत नाही.

चौकट : वेतनाच्या तीन पातळ्या
*किमान वेतन* म्हणजे कामगाराचे जगणे व काम करण्याची ताकद टिकवणारी खालची मर्यादा. मालकाची ऐपत नाही, ही सबब येथे चालत नाही.
*न्याय्य वेतन* म्हणजे त्याहून वरची रक्कम. येथे उद्योगाची देण्याची क्षमता विचारात घेतली जाते.
*निर्वाह वेतन* म्हणजे सभ्य राहणीमान, शिक्षण व अडीअडचणीची तरतूद यांना पुरेल इतकी मिळकत. संविधानाचा अनुच्छेद ४३ हे राज्यापुढील ध्येय म्हणून सांगतो.

भाव बांधून दिला तर मागणी घटते का

किमान वेतनाला होणारा सर्वात जुना आक्षेप समजून घेण्यासाठी वऱ्हाडातील वाचकाला परक्या उदाहरणाची गरज नाही, कारण हमीभावाच्या रूपाने तोच प्रश्न त्याच्या घरी दरवर्षी येतो. कापसाचा वा तुरीचा किमान भाव सरकारने बांधून दिला आणि तो बाजाराच्या भावापेक्षा वर राहिला, तर व्यापारी खरेदी आखडती घेतो आणि सरकारी खरेदी केंद्र उघडले नाही तर माल पडून राहतो. हाच विचार श्रमाला लावला की आक्षेप तयार होतो: मजुरीचा दर बाजारापेक्षा वर बांधला तर मालक कमी माणसे लावील, जास्त तास काम घेईल किंवा यंत्र आणील; म्हणजे ज्याच्या भल्यासाठी कायदा केला त्यातल्याच काहींचे काम जाईल.

हा युक्तिवाद चूक नाही, पण तो बाजारात घेणारे पुष्कळ आहेत हे गृहीत धरून चालतो. खेडा खरेदीत गावात एकच व्यापारी काटा घेऊन आला तर काय होते, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. तो भाव पाडून मागतो, आणि दुसरीकडे माल नेण्याची सोय वा थांबण्याची ऐपत नसलेला शेतकरी त्या भावाला देतो. अशा ठिकाणी हमीभावाची खात्री झाली तर व्यापाऱ्याचा अवाजवी नफा तेवढा कमी होतो, विक्री मात्र थांबत नाही. उलट पूर्वी वैतागून माल घरात ठेवणारेही तो बाहेर काढतात. श्रमाच्या बाजारातही असेच घडू शकते, हे जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये नीट मांडले. काम देणारा एकच, किंवा आपसांत दर ठरवून घेणारे मोजकेच असले, तर ते मजुरी मजुराच्या कामाच्या मोलापेक्षा खाली दाबून ठेवू शकतात, कारण मजुराला दुसरीकडे जाता येत नाही. अर्थशास्त्रात याला क्रेत्याची मक्तेदारी म्हणतात. तेथे कायद्याने दर वर ओढला तर एका मर्यादेपर्यंत रोजगार घटत नाही, कधी वाढतोही. ती मर्यादा ओलांडली की मात्र पहिला आक्षेप पुन्हा खरा ठरू लागतो.

सिद्धान्ताच्या या वादाला १९९२ मध्ये अमेरिकेत एक कसोटी मिळाली. न्यू जर्सी राज्याने त्या वर्षी तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्ट फूड उपाहारगृहांची वाढीच्या आधीची व नंतरची स्थिती तपासली, तेव्हा न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचे दिसले नाही. त्यांच्या आकडेवारीला इतरांनी आव्हान दिले आणि तो वाद अद्याप पूर्ण मिटलेला नाही; पण २०२१ मध्ये कार्ड यांना नोबेल पुरस्कार मिळाला तो अशाच प्रकारच्या संशोधनासाठी. वेतन वाढले की नोकऱ्या जाणारच, असे डोळे मिटून म्हणणे त्यानंतर अवघड झाले.

महाराष्ट्राने घेतलेली परीक्षा

न्यू जर्सीचे नाव या चर्चेत नेहमी निघते, पण महाराष्ट्राने त्याच्या चार वर्षे आधी याहून मोठी परीक्षा दिली होती. ती येथल्या वाचकाला अधिक जवळची आणि अधिक बोचरीही आहे.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६९ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग सुरू झाला, दुष्काळात तो राज्यभर पसरला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, हे वचन त्यामागे होते. त्यासाठी शहरांतील नोकरदार व व्यावसायिकांकडून व्यवसाय कर गोळा केला जाऊ लागला. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशा कामांवर मजुरी कामाच्या मोजमापावर मिळे, आणि मोजमापाचे दर असे बसवलेले असत की नेटाने काम करणाऱ्या साधारण मजुराला शेतमजुराच्या किमान वेतनाइतकी रक्कम पडावी. दर कामाला असल्यामुळे बाई आणि पुरुष असा भेदही उरत नसे, जो खाजगी शेतात सर्रास होता.

१९८८ मध्ये राज्याने शेतमजुरांचे किमान वेतन दुप्पट केले आणि त्याला जोडलेली हमीची मजुरीही दुप्पट झाली. मजुरांच्या दृष्टीने हा मोठाच विजय होता. परंतु योजनेसाठी लागणारा पैसा त्या प्रमाणात वाढला नाही, आणि पुढच्या काळात कामावरची हजेरी घसरली. १९८७ च्या दुष्काळानंतर पाऊस चांगला झाल्याने कामाची मागणीच कमी झाली असेल, अशी शंका येणे साहजिक होते. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हंगामाचा व इतर कारणांचा प्रभाव बाजूला काढून पाहिले, तेव्हा निष्कर्ष निघाला की दरवाढीनंतर कामाचे रेशनिंग सुरू झाले होते. हमी कायद्यात राहिली, पण मागेल त्याला काम हे पूर्वीसारखे खरे राहिले नाही.

या घटनेचा अर्थ दोन टोकांचे लोक आपापल्या सोयीने लावतात. दरवाढच चूक होती, असा तिचा अर्थ घेणे योग्य वाटत नाही. येथे काम देणारे स्वतः सरकार होते, नफ्यासाठी माणसे कमी करणारा मालक नव्हता. दर वाढवताना तिजोरीने त्यामागे उभे राहायचे की नाही, हा राजकीय निर्णय होता आणि तो मजुराच्या विरोधात गेला. तरीही यातून एक कठोर गोष्ट शिकावी लागते: दर लिहिणाऱ्याने पैसा कोठून येणार हे सांगितले नाही, तर वाढलेल्या दराची किंमत काम न मिळालेला मजूर मोजतो.

पुढे केंद्राच्या रोजगार हमी कायद्याची मजुरी २००९ पासून किमान वेतनापासून तोडण्यात आली आणि तिचा वेगळा दर दिल्लीहून जाहीर होऊ लागला. महाराष्ट्रासाठी तो २०२३-२४ मध्ये २७३, २०२४-२५ मध्ये २९७ आणि २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये होता. तिकडे आंध्र प्रदेशातल्या एका मोठ्या अभ्यासात कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की हमीच्या मजुरीचे वाटप सुधारले की त्या भागातील खाजगी शेतांवरची मजुरी वाढते, आणि तरीही खाजगी रोजगार घटत नाही. मजुराला दुसरा पर्याय मिळाला की एकट्या घेणाऱ्याचा दाब कमी होतो, हे रॉबिन्सन यांचे म्हणणे येथे शेताच्या बांधावर खरे झालेले दिसते.

वेचणीचा हिशेब

वऱ्हाडातला प्रत्यक्ष व्यवहार पाहिला की मजुरीच्या दराचा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते उघड होते. निंदण, डवरणी ही कामे रोजाने होतात, सोयाबीनची सोंगणी बहुधा एकरावर गुत्त्याने दिली जाते, म्हणजे एक टोळी ठरलेल्या रकमेत पूर्ण शेत कापून देते, आणि कापसाची वेचणी किलोवर असते. सकाळी दव उतरले की बायका कमरेला ओटी बांधून ओळीत शिरतात, वाळलेल्या बोंडांची टोकदार टरफले बोटांना ओरबाडत असताना दोन्ही हातांनी कापूस काढत पुढे सरकतात आणि संध्याकाळी प्रत्येकीचे गाठोडे काट्याला लावले जाते. जितके वजन, तितकी मजुरी.

समजा, दर किलोला १० रुपये आहे. पहिल्या बहराच्या वेचणीत बोंडे भरगच्च फुटलेली असतात, तेव्हा सराईत हाताने दिवसाला ३० किलो निघाले तर ३०० रुपये पडतात. तिसऱ्या-चौथ्या वेचणीला पऱ्हाटीवर फुटलेली बोंडे विरळ असतात. तितकेच चालून, तितकेच वाकून १५ किलो निघतात आणि दीडशे रुपये मिळतात. बाईचे श्रम तेच, दिवस तोच, मजुरी निम्मी. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर दोन्ही वेळा त्याचा खर्च क्विंटलला १,००० रुपयेच आहे. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने माल गेला तर आठव्या हिश्श्याइतकी रक्कम नुसत्या वेचणीत जाते, आणि उशिरा वेचलेला, डागी कापूस त्याहून बराच खाली विकावा लागतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. १९४८ च्या अधिनियमातील तरतूद अशी होती की काम नगावर वा वजनावर असले आणि त्यासाठी वेगळा दर ठरवलेला नसला, तरी दिवसाचे किमान वेतन पडलेच पाहिजे. वरच्या उदाहरणात दिवसाचा कायदेशीर दर ३०० रुपये धरला, तर शेवटच्या वेचणीचा दर किलोला २० रुपये करावा लागेल, म्हणजे क्विंटलला २,००० रुपये. तसे केले तर शेतकरी कदाचित ती वेचणी करणारच नाही. गुलाबी बोंडअळीच्या दृष्टीने पाहता पीक लवकर उपटणे हिताचेच आहे, परंतु मजुराचे तेवढे दिवस जातात. दरवाढीने रोजगार घटतो की नाही, हा मोठा प्रश्न असा एकाच शेतात, एकाच हंगामात, पहिल्या वेचणीला एक आणि शेवटच्या वेचणीला दुसरे उत्तर देतो.

भार कोणाच्या माथी

सर्वोच्च न्यायालयाने क्राउन ॲल्युमिनियम वर्क्सच्या प्रकरणात १९५७ मध्ये आणि पुन्हा १९६१ मध्ये केरळच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की जो उद्योग आपल्या कामगाराला किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, न्यायालयाने याहून पुढे जाऊन किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम घेणे म्हणजे अनुच्छेद २३ ने बंदी घातलेली वेठबिगारी होय असे सांगितले. कारखान्याच्या बाबतीत ही तत्त्वे निर्विवाद आहेत. जिनिंग-प्रेसिंगच्या मालकाने कापसाचा भाव पडला म्हणून हमालाची मजुरी कापावी, हे कोणी मान्य करणार नाही.

तीन एकर कोरडवाहू शेती असलेल्या माणसाला मात्र चालू राहण्याचा हक्क नाही असे म्हणता येईल का? हाच या सगळ्या वादातील सर्वात अवघड प्रश्न आहे आणि कामगारांची बाजू घेणारे त्याला अनेकदा बगल देतात. हा शेतकरी आपल्या शेतात मालक असतो आणि शेजाऱ्याच्या शेतात कधी मजूर. त्याचा कापूस किंवा सोयाबीन त्याने ठरवलेल्या किमतीला जात नाही, त्यामुळे कारखानदाराप्रमाणे वाढलेली मजुरी मालाच्या किमतीत घालून ग्राहकाकडून वसूल करणे त्याला शक्य नसते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने आधी मालाला रास्त भाव आणि मग त्यातून मजुरी असा क्रम मांडला तो याच कारणाने.

कागदोपत्री हे दोन दर एकमेकांना बांधलेले आहेत. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च काढताना मजुरी त्यात धरतो, घरच्या माणसांच्या श्रमाचेही मोल लावतो, आणि २०१८-१९ पासून या खर्चाच्या किमान दीडपट हमीभाव जाहीर करण्याचे सरकारचे धोरण आहे. म्हणजे मजुरी वाढली तर थोड्या उशिराने का होईना हमीभावही वर सरकायला हवा. दोर तुटतो तो पुढे. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना विदर्भातील बाजार समित्यांत ते कितीतरी दिवस त्याच्या खाली विकले गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसाच्या आयातीवरील ११ टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकले, तेही नवा कापूस बाजारात येण्याच्या तोंडावर. एका हाताने मजुरीचा दर बांधायचा आणि दुसऱ्या हाताने मालाचा भाव सैल सोडायचा, यातून मजूर आणि शेतकरी यांनाच एकमेकांसमोर उभे केले जाते. हे धोरण म्हणून चुकीचे आहे आणि अन्यायाचेही आहे.

भाव मिळत नाही तेव्हा शेतकरी मजुरीच वाचवण्याच्या वाटा शोधतो. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोट तालुक्यात अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने मान्यता नसलेले एचटीबीटी कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले. तणनाशक फवारले तरी या वाणाचे पीक मरत नाही, म्हणून निंदणाचा खर्च वाचतो, हे त्यामागचे मुख्य कारण होते. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य, बियाण्याचा कायदा, पर्यावरण यांवर त्या वेळी भरपूर चर्चा झाली. निंदणावर जगणाऱ्या बायकांचे जुलै-ऑगस्टमधले रोज जाणार, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली. सोयाबीनच्या शेतांत तणनाशकाने आणि मळणीयंत्राने हे केव्हाच घडवून आणले आहे. कापसाची वेचणी अजून हातानेच होते, कारण आपल्याकडील वाणांची बोंडे एकदम न फुटता महिनोन्महिने थोडी थोडी फुटतात आणि वावरेही लहान आहेत.

या कोंडीतून निघण्यासाठी विदर्भात पेरणीपासून काढणीपर्यंतची शेतीकामे रोजगार हमीत घ्यावीत, अशी मागणी वर्षानुवर्षे होत आली आहे. तिच्यात तथ्य आहे, कारण मजुराला पूर्ण दर मिळेल आणि लहान शेतकऱ्याच्या डोक्यावरचा भार हलका होईल. धोकाही तितकाच खरा आहे: हा पैसा मोठ्या बागायतदाराच्या शेतात जायला वेळ लागणार नाही आणि हजेरीपटावर न राबलेल्यांची नावे चढतील. जमिनीची मर्यादा घालून, फक्त कोरडवाहू अल्पभूधारकांसाठी, आणि मजुरीचा काही हिस्सा शेतकऱ्याकडूनच घेऊन ही कल्पना राबवून पाहण्यासारखी आहे.

दर आणि दिवस

किमान वेतनाचा कायदा एका दिवसाचा दर सांगतो, वर्षात किती दिवस काम मिळेल हे सांगत नाही. सुरुवातीच्या कोड्याचे निम्मे उत्तर यात आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात सोंगणी आणि वेचणी एकावर एक येतात, गावातले सगळे हात एकदम लागतात आणि दर चढतो. फेब्रुवारीनंतर कोरडवाहू गावात काम जवळजवळ संपते. वर्षाची मिळकत म्हणजे दर गुणिले दिवस, आणि शेतकऱ्याला दिसते ती फक्त दराची चढती बाजू. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू कुटुंबे म्हणूनच हंगामात खाली सपाटीवर सोंगणीला उतरतात आणि उरलेल्या दिवसांसाठी हमीच्या कामांवर अवलंबून राहतात. होळी हा त्यांचा सर्वात मोठा सण असल्याने त्याआधी थकलेली मजुरी हाती पडावी, ही तेथील जुनी मागणी आहे. जाहीर दर कितीही असो, महिनोन्महिने उशिराने मिळालेली मजुरी सावकाराच्या व्याजात झिजून कमीच होते.

कागदावरचा दर आणि काटा

१९४८ च्या कायद्यात कमी वेतन देणाऱ्याला ५०० रुपयांपर्यंत दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद होती आणि फरकाच्या दहा पटींपर्यंत भरपाई मिळण्याची सोय होती, परंतु दावा सहा महिन्यांत करावा लागे. वेतन संहिता, २०१९ या नव्या कायद्याने जुन्या अधिनियमाची जागा घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तीत अनुसूचीची अट गेली आणि सर्व कामांना किमान वेतन लागू झाले. केंद्राने एक देशव्यापी तळवेतन ठरवावे आणि कोणत्याही राज्याने त्याच्या खाली जाऊ नये, असेही तीत आहे. हे तळवेतन किती असावे यावर सगळे अवलंबून राहील. यापूर्वी २०१७ मध्ये केंद्राने सुचवलेला, बंधनकारक नसलेला दर दिवसाला १७६ रुपये होता, तर अनुप सत्पथी समितीने २०१९ मध्ये ३७५ रुपयांची शिफारस केली होती. तळ फार खाली ठेवला तर तो असून नसल्यासारखाच.

नव्या संहितेत दंड ५०,००० रुपयांपर्यंत गेला आहे, दावा करण्याची मुदत तीन वर्षे झाली आहे आणि देणे चुकते केल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. डाळ मिलमध्ये वा कापड कारखान्यात, जेथे हजेरीपत्रक असते, तेथे याचा उपयोग होऊ शकेल. आज या शेतात आणि उद्या त्या शेतात जाणाऱ्या, शेतमालकाशी नात्याचे, शेजाराचे वा उचलीचे संबंध असलेल्या वेचणारीने कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, ही अपेक्षा मात्र व्यवहाराला धरून नाही. तिच्यासाठी अधिक उपयोगाचे ठरेल ते हे की राज्याने दिवसाच्या दराबरोबर वेचणीचा, सोंगणीचा आणि निंदणाचा कामानुसार दरही ठरवावा, वेचणीच्या बाबतीत पहिल्या आणि शेवटच्या वेचणीचा दर वेगळा ठेवावा, आणि कृषिमूल्य आयोगाने कापसाचा खर्च काढताना हाच दर धरावा. मग गावात बोलणी करताना दोघांच्याही हाती एक आकडा राहील: मजुराला मागण्यासाठी, आणि शेतकऱ्याला तोच आकडा पुढे करून सरकारकडे भाव मागण्यासाठी.